सात नंबरचे अकरा कोट

आमच्या शिलाईखात्यात बाईंना पाठीमागे सगळ्या ‘भिंग’ म्हणायच्या. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती, माझी तर नव्हतीच. मी त्यांची मैत्रीण. म्हणजे त्यांचं तपासणीचं टेबल आणि माझा इस्त्रीचा फळा यांच्यात हातभर अंतर, आणि संध्याकाळी घरी जायचा रस्ता एक. सतरा वर्षं असं चाललं की त्याला मैत्रीच म्हणावं लागतं.

आम्ही कोट, एप्रन, गणवेश असलं शिवतो. एका हॉलमध्ये चोवीस मशिनं, प्रत्येकीला आपला नंबर. शिवून झालेल्या वीस नगांचा गठ्ठा होतो, त्याला शिवणारीच्या नंबराची चिठ्ठी बांधतात आणि तो माझ्याकडे येतो. मी वाफेची इस्त्री फिरवते, मग गठ्ठा बाईंच्या टेबलावर. बाई कॉलरपासून सुरुवात करायच्या. कॉलरची दोन टोकं जुळवून बघायच्या, मग खांदा, बाही, काखेतली टीप, खिसा, काजं, आणि शेवटी कोट उलटा करून आतली शिलाई. खोट सापडली की निळ्या खडूची फुली. फुलीचा नग शिवणारीकडे परत जायचा आणि सुपरवायझरच्या वहीत तिच्या नंबरापुढे एक रेघ पडायची. बाईंच्या हाताखालून गेलेला एकही नग अठ्ठावीस वर्षांत गिऱ्हाइकाने परत पाठवला नव्हता. हे आम्हाला पाठ होतं, कारण बाई ते आठवड्यातून एकदा सांगायच्या.

आणखी एक सांगायच्या. “मला राग म्हणून येत नाही गं.”

तेही खरं वाटायचं. बाई कधी आवाज चढवायच्या नाहीत. त्यांच्या घरचं ऐकलं तर दुसऱ्या कुणीही कपबशा फोडल्या असत्या. नवऱ्याला अबोला धरायची सवय. भांडण नाही, शिव्या नाहीत, हात उगारणं तर नाहीच. नुसतं बोलणं बंद. का बंद, ते बाईंनी ओळखायचं. एकदा एकेचाळीस दिवस बंद होतं आणि शेवटी कारण निघालं बनियन. वाळत घातलेला बनियन उलटा होता. सासू नऊ वर्षं अंथरुणात होती, तिचं सगळं बाईंनी केलं, आणि त्या नऊ वर्षांतही हा माणूस अधूनमधून मुका व्हायचा. आता तो निवृत्त होऊन खिडकीशी बसलेला असतो आणि ताट आवडलं नाही की बोटाने पुढे सरकवतो. “आमच्याकडे वीज जाते तसा आवाज जातो,” बाई रस्त्याने चालताना मला सांगायच्या. “कधीतरी येतोच.” आणि मी हसायचे. सतरा वर्षं मी त्यावर खो खो हसले आहे.

मग हसरी आली. तिशीच्या आतबाहेरची, सडपातळ, मोठ्या दातांची. ती हसली की हॉलच्या त्या टोकाची मशिनं थांबायची. सात नंबर तिला मिळाला. तीन महिने कच्ची नोकरी, मग वहीतल्या रेघा बघून पक्की करायची की नारळ द्यायचा ते ठरणार. जेवणाच्या सुट्टीत आम्ही नव्या बाईला जे विचारतो ते सगळं विचारलं. राहतेस कुठे, घरी कोण, मुलं किती.

“एक मुलगी आहे. आम्ही दोघीच,” ती डबा उघडत म्हणाली. “नवऱ्याचं घर मी सोडलं.”

बसचा नंबर सांगावा तसं सांगितलं. आमच्याकडे हे असं सांगत नाहीत. आधी उसासा टाकतात.

“प्यायचा का?” कुणीतरी विचारलं.

“नाही.”

“मारायचा?”

“नाही हो. वाईट माणूस नव्हता. पण मी काही बोलले की तो म्हणायचा, तुला तसं वाटतं, तसं काही नाहीये. दरवेळी तेच. शेवटी शेवटी मला भूक लागली आहे की नाही तेसुद्धा कळेना. म्हणून निघाले.”

बाई पलीकडे बसून चष्मा पुसत होत्या. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, तिच्याकडे नीट पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, “एवढ्यासाठी?”

हसरीही शांतपणे म्हणाली, “हो, काकू. एवढ्यासाठीच.” आणि जेवायला लागली. आधी तिने स्वतःचा घास घेतला, मग डबा पुढे केला. बाईंनी तो घेतला नाही.

पहिल्या आठवड्यात सात नंबरचे चार नग परत गेले. दुसऱ्या आठवड्यात नऊ. बाहीला चुणी, कॉलर तिरकी, टाका सैल. बाई फुली मारायच्या आणि गोड आवाजात सांगायच्या, “हात कच्चा आहे गं. घाई नको करूस.” हसरी मान डोलवायची, उसवायची, पुन्हा शिवायची. मी आधी म्हटलं, नवी आहे, होतं असं.

पण माझं काम असं आहे की मला डोळे लागत नाहीत. रोज शेकडो नग हाताखालून जातात. इस्त्री पुढे ढकलताना डाव्या हाताने कापड ताणायचं असतं, आणि टीप ओढलेली असेल तर ती बोटांना आधी कळते. सात नंबरच्या टिपेवर माझं बोट कधी अडलं नाही. इतकी सरळ शिलाई मी खात्यात दोघींचीच पाहिली होती. एक ती, आणि दुसऱ्या स्वतः बाई, त्या मशीनवर बसायच्या तेव्हा.

म्हणजे मला कळत होतं. पहिल्या महिन्यातच कळलं होतं. आणि मी अळीमिळी गुपचिळी करून इस्त्री फिरवत राहिले. कुणी विचारलं असतं तर म्हटलं असतं, बाईंशी वाकडं कोण घेणार. ते अर्धं खरं. उरलेलं अर्धं सांगायला आजही जीभ जड होते. माझी लेक दोन वर्षांपूर्वी सासरहून बॅग घेऊन आली होती. तिला मी चार दिवसांत समजावून परत पाठवली. हसरी मोठ्याने हसली की मला ते चार दिवस आठवायचे. तिच्या गठ्ठ्यावर फुल्या पडल्या की, देव मला क्षमा करो, बरं वाटायचं.

बाकीच्याही हळूहळू सामील झाल्या. बाईंचा डोळा एकीवर असला की इतरांचे नग सुळकन पुढे सरकतात, हे शिवणाऱ्या बायकांना सांगावं लागत नाही. “सात नंबरला उसवायचा छंद आहे,” अशी एक थट्टा निघाली. हसरी तिच्यावरसुद्धा हसायची, पण आवाज कमी होत गेला. तिसऱ्या महिन्यात मशिनं थांबेनाशी झाली.

तिची मुदत शनिवारी संपणार होती. बुधवारी हॉस्पिटलच्या कोटांची मोठी मागणी आली आणि त्याच दिवशी दोघी गैरहजर. सुपरवायझर केस उपटायचा बाकी राहिला. तेव्हा बाई म्हणाल्या, “सकाळी मी बसते तीन नंबरवर. तपासणी दुपारी करू.” त्यांना मशीनवर बसायला मनापासून आवडायचं. पांढऱ्या दोऱ्याची रिळं बाकीच्यांना वाटून एकच उरलं होतं, ते त्यांनी वर लावलं आणि खालच्या बॉबिनमध्ये जुना, किंचित पिवळट दोरा भरला. तो आतल्या बाजूने जातो, बाहेरून कुणाला दिसत नाही. जेवणाच्या आत त्यांनी वीस कोट हातावेगळे केले. हसरीचेही वीस झाले. दोन्ही गठ्ठे एकदमच माझ्या फळ्यावर आले.

आता माझी चूक. वाफेने चिठ्ठीवरची शाई पसरते, म्हणून आम्ही ती इस्त्रीच्या आधी सोडून ठेवतो आणि नंतर बांधतो. त्यासाठीच नियम आहे की एका वेळी एकच गठ्ठा घ्यायचा. मी दोन घेतले. घाई होती हे खरं, आणि काजं करणारीशी माझं तोंड चाललं होतं हेही खरं. दोन्ही चिठ्ठ्या खिडकीच्या कठड्यावर ठेवल्या होत्या. कोट इस्त्री करून रचले आणि चिठ्ठ्या बांधल्या. तीनची साताला, सातची तिनाला.

दुपारी बाई टेबलाशी उभ्या राहिल्या. तीन नंबरची चिठ्ठी असलेला गठ्ठा त्यांनी भराभर पाहिला. आपलंच काम, त्यात काय बघायचं. तरी दोन कोट हातात धरून नव्या मुलींना दाखवले, “शिलाई अशी असते. हात फिरवून बघा.” मुलींनी हात फिरवले. मग त्यांनी सात नंबरचा गठ्ठा ओढला, आणि आवाज तोच, गोड. “ही कॉलर बघ. हा खिसा बघ. तीन महिन्यांत एवढंसुद्धा येऊ नये?” एक फुली, दुसरी फुली. सुपरवायझर शेजारी येऊन उभा राहिला. अकरा कोटांवर फुल्या पडल्या. एकही कोट त्यांनी उलटा करून पाहिला नाही. सात नंबरचे कोट त्या हल्ली उलटे करतच नव्हत्या.

“शनिवारी ये माझ्याकडे,” सुपरवायझर हसरीला म्हणाला आणि वहीत अकरा रेघा ओढून निघून गेला. ती अकरा कोट छातीशी धरून आपल्या जागेवर गेली आणि उसवायला बसली.

तासाभराने मी पाण्याला म्हणून उठले. तिच्या स्टुलाखाली उसवलेल्या दोऱ्यांचा पुंजका पडला होता. पिवळट दोरा. मी तिथेच थांबले. तो दोरा त्या दिवशी एकाच मशीनमध्ये होता. हसरीने वर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुंजक्याकडे पाहिलं, आणि पुन्हा मान खाली घालून पुढचा टाका तोडला. तिलाही कळलं होतं. कळूनही ती उसवत होती.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी बाईंच्या टेबलाशी गेले आणि हळूच म्हटलं, “बाई, ते अकरा कोट तुमचे आहेत.”

“कोणते?”

“सात नंबरचे. माझ्याकडून चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. तुम्ही मुलींना दाखवले ते तिचे होते.”

बाईंनी हातातला खडू टेबलावर ठेवला. तो घरंगळत खाली पडला, तरी वाकल्या नाहीत. मग म्हणाल्या, “दोन गठ्ठे एकदम कशाला घेतलेस? नियम माहीत नाही?”

“चुकलंच.”

“मग चूक तुझी आहे,” त्या म्हणाल्या आणि पुढचा गठ्ठा ओढला. त्या दिवशी पुढे त्यांनी एकही फुली मारली नाही. घंटा होईपर्यंत नग नुसते डावीकडून उजवीकडे सरकत राहिले.

संध्याकाळी आम्ही निघालो. कोपऱ्यावरच्या बंद दुकानाच्या पायरीपर्यंत आलो. तिथे बाई थांबल्या आणि चक्क खाली बसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रस्त्यात कधी बसलेलं पाहिलं नव्हतं.

“त्या अकरा कोटांत खोट होती का गं?”

“नव्हती, बाई.”

“नक्की?”

“मी हात फिरवला होता. एकही टीप ओढलेली नव्हती.”

“मग मला दिसली कशी?” त्या म्हणाल्या. “मी खोटं बोलत नव्हते. तुझी शपथ. मला कॉलर तिरकी दिसत होती. माझ्या डोळ्यांना दिसत होती.”

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं ही म्हण सगळ्यांना येते. नसलेलं कुसळ दिसतं ते कसं, याला म्हण नाही.

बाई पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत बसल्या. मग मला एक गोष्ट सांगितली, जी रोजच्या विनोदांत कधी आली नव्हती. लग्नानंतर चौथ्या वर्षी त्या बॅग भरून आईकडे गेल्या होत्या. तेव्हा सव्वीस दिवसांचा अबोला चालू होता. आईने दार उघडलं, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, एवढ्यासाठी? पाणीसुद्धा न पिता बाई परत फिरल्या. घरी आल्या तेव्हा नवरा होता तिथेच बसला होता. त्या गेल्या होत्या हे त्याला कळलंही नव्हतं.

“ती पोरगी निघून आली आणि तिचं काही वाईट झालं नाही,” बाई म्हणाल्या. “हसते. जेवते. पोर शाळेत जाते. तिला बघितलं की माझ्या पोटात आग व्हायची. मला वाटायचं पित्त आहे. गोळ्या घेत होते मी. तीन महिने पित्ताच्या गोळ्या घेतल्या.”

“राग होता, बाई.”

“राग होता,” त्या म्हणाल्या. “आणि तो तिच्यावर काढला. घरात ज्याच्यावर काढायचा त्याला वाढत राहिले आणि तिच्यावर काढला. शी.” त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रस्त्याने जाणारे वळून बघत होते. मी बाजूला उभी होते, आणि मला त्यांच्या पाठीवर हात ठेवायचाही धीर होत नव्हता. ज्या हातांना सगळं कळत होतं तेच हात ना हे.

दुसऱ्या दिवशी घंटेच्या आधी बाई सुपरवायझरसमोर उभ्या होत्या. मीही गेले, चिठ्ठ्यांची कबुली द्यायला. त्याने ऐकलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला. “चिठ्ठ्या बदलल्या, एवढंच ना? अकरा रेघा खोडतो. विषय संपला. बोभाटा नको.”

“अकरा नाही,” बाई म्हणाल्या. “तिच्या नंबरापुढच्या सगळ्या खोडा.”

“सगळ्या? मग वर काय सांगू? तपासणीवाली तीन महिने झोपली होती?”

“जागी होते म्हणून सांगा.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्याने रेघा खोडल्या.

इथवर ठीक होतं. वही साफ झाली, हसरी पक्की होणार, झाकली मूठ तशीच राहिली असती. पण जेवणाच्या सुट्टीत बाई उठल्या आणि सगळ्यांच्या देखत सात नंबरच्या मशीनपाशी गेल्या. डबे उघडत होते ते थांबले. बाईंना माफी मागायची सवय नव्हती. त्यांच्या घरात कुणी कुणाची मागत नाही. त्यामुळे हात कुठे ठेवावेत तेसुद्धा त्यांना कळेना. त्यांनी ते मशीनच्या चाकावर ठेवले.

“काल चिठ्ठी चुकली होती,” त्या म्हणाल्या. “पण त्याआधी तीन महिने चिठ्ठी बरोबर होती आणि मी चुकत होते. तुझ्या शिलाईत खोट नव्हती. मी नंबर बघून फुल्या मारल्या. ह्या सगळ्यांसमोर मारल्या, म्हणून सगळ्यांसमोर सांगते. माझी चूक झाली. मला माफ कर.”

काजं करणारी खिडकीबाहेर बघू लागली. उसवायच्या छंदाची थट्टा जिने काढली होती ती डब्यात बघू लागली. आम्ही चोवीस-पंचवीस बायका, आणि त्या वेळी एकीलाही दुसरीकडे बघता येईना.

हसरीने डब्याचं झाकण लावलं. “मला माहीत होतं, काकू.”

“मग बोलली का नाहीस?”

“आधी माहीत नव्हतं. घरी जाऊन मी माझे शिवलेले कपडे उलटे करकरून बघायचे. मुलीचा फ्रॉक तीनदा उसवला. मला वाटायचं, एवढ्या अनुभवी बाई सांगतात तर माझ्यातच काहीतरी आहे. तिकडेही असंच वाटायचं.” तिने खांद्याने हवेत मागे दाखवलं. तिकडे म्हणजे कुठे ते सगळ्यांना कळलं. “काल तो पिवळा दोरा बघितला. माझ्या बॉबिनमध्ये तो नव्हताच, पहिल्या टाक्यालाच कळलं. तरी काय मनात आलं सांगू? चिठ्ठीवर सात लिहिलंय. म्हणजे मीच शिवलं असेल. मलाच आठवत नसेल. खरंच तसं वाटलं, काकू. सात कोट मी तसेच उसवले. आणि मग घाबरले.”

बाईंचा चेहरा उतरत उतरत असा झाला की बघवेना.

“ते घर सोडायला मला सहा वर्षं लागली होती,” हसरी म्हणाली. “इथे म्हटलं, तीन महिने पुरेत. काल जाताना एका पडद्यांच्या दुकानात विचारून आले. सोमवारपासून ये म्हणाले.”

“जाऊ नकोस गं,” बाई म्हणाल्या. “रेघा खोडल्यात. तू पक्की झालीस. आता मी तुला...”

“आता तुम्ही चांगलं वागाल. माहीत आहे मला.” ती हे अगदी मऊपणे म्हणाली. “तिकडे तोही मधूनमधून चांगलं वागायचा.”

बाईंनी चाकावरचे हात काढून घेतले. आपल्या नवऱ्याच्या पंक्तीला बसवलं तिने त्यांना, आणि त्या बसल्या, कारण जागा बरोबर होती. हसरीने शनिवारपर्यंत काम केलं. त्या दोन दिवसांत तिचे ऐंशी नग माझ्या हाताखालून गेले. मी इस्त्री बाजूला ठेवून तिला एक शब्द बोलायला हवा होता. शनिवारी ती निरोप घ्यायला फळ्याशी आली तेव्हा मी म्हटलं, “तुझी शिलाई फार सरळ आहे.” ती हसली, पण मोठ्याने नाही. म्हणाली, “हो ना, ताई? तुम्हाला तर रोज कळत असेल.” आणि गेली.

सोमवारी सकाळी बाई माझ्या फळ्याशी आल्या. “आजपासून चिठ्ठ्या तुझ्याकडे ठेवायच्या. माझ्या टेबलावर कोरा गठ्ठा आला पाहिजे. तपासून झाला की मग बांध.”

“सुपरवायझर?”

“त्याला मी सांगितलंय.”

मी पहिला कोरा गठ्ठा त्यांच्या टेबलावर ठेवला. बाईंनी वरचा कोट उचलला, कॉलरची टोकं जुळवली आणि माझ्याकडे बघून विचारलं, “कुणाचा?” सवयीने विचारलं. मग स्वतःच ओशाळल्या. मी सांगितलं नाही. त्यांनी कॉलर पुन्हा जुळवली, तिसऱ्यांदा जुळवली. खडू हातात घेतला, खाली ठेवला. तीस पावलांवरून चूक पकडणारी बाई एका कोटासमोर पाच मिनिटं उभी होती.

“मला समजत नाहीये गं,” त्या हळूच म्हणाल्या. “नंबर नसला तर मला समजतच नाहीये. मग इतकी वर्षं मी बघत काय होते?”

मी इस्त्री उभी करून ठेवली.

“हसरीच्या आधी,” त्या म्हणाल्या, “ती उंच होती बघ, बारा नंबरची. वेणीला निळी रिबिन बांधायची. तिला तीन महिन्यांनी काढलं. आणि ती, जी गात शिवायची.” त्या बोटांवर मोजू लागल्या. “विधवा होती आणि लिपस्टिक लावायची, ती. सासूला सोडून नवरा-बायको दोघंच राहायची, ती.” चार बोटं झाली. पाचवं त्यांनी धरून ठेवलं आणि कपाळाला आठ्या घालून आठवत राहिल्या. पाचवी आठवत नव्हती, की आठवायची नव्हती, कोण जाणे.

मला आठवत होत्या. सगळ्यांचे गठ्ठे माझ्याच हातून गेले होते. नेहमीसारखी गप्प बसले असते तर बाईंना बरं वाटलं असतं, आणि मलाही.

“अजून तिघी आहेत, बाई,” मी म्हटलं, आणि एकेक करून सांगितल्या.